ताटासकट जेवणारी जनावरं

रोज सकाळी गार खोलीतला मोठा दिवा लावण्याआधी आचारीकाका मांडणीवरच्या पहिल्या बाटलीचं कापसाचं बूच काढायचे, बाटली हलकेच गोल फिरवायचे आणि नाक तिच्या तोंडाशी नेऊन वास घ्यायचे. मग दुसरी. मग तिसरी. अशा बारा बाटल्या. आत समुद्राच्या पाण्यात वाढवलेलं शेवाळ असायचं, इतकं बारीक की त्याचा एकेक कण डोळ्यांना दिसायचा नाही, नुसतं पाणी तपकिरी-सोनेरी दिसायचं. चांगल्या बाटलीला नुकत्याच चिरलेल्या काकडीचा वास येतो आणि बिघडू घातलेल्या बाटलीला ओल्या फडक्याचा, हे काकांनी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं होतं. संशोधन केंद्रातल्या कुठल्याही कागदावर असं लिहिलेलं नव्हतं. पण मायक्रोस्कोपखाली जी बाटली खराब निघायची, ती काकांनी आदल्याच दिवशी बाजूला काढलेली असायची. त्यामुळे त्यांना कुणी हसत नसे. निदान तोंडावर तरी.

काका खरेखुरे आचारी होते. केंद्राच्या जहाजावर त्यांनी बावीस वर्षं स्वयंपाक केला. समुद्र खवळला की ते पातेली दोरीने शेगडीला बांधायचे, आणि ज्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं अशा शास्त्रज्ञांच्या दाराशी गरम सूपची वाटी घेऊन उभे राहायचे. ‘नको’ हा शब्द त्यांना ऐकू यायचा नाही. ताट रिकामं होऊन परत आलं की दिवस चांगला गेला, अर्धं भरलेलं आलं की काहीतरी चुकलं, इतका साधा त्यांचा हिशोब. मग गुडघे गेले. जहाजाची शिडी चढताना दोनदा तोल गेल्यावर केंद्राच्या प्रमुख बाईंनी त्यांना किनाऱ्यावर बोलावून घेतलं.

“तुम्हाला घरी बसवलं तर घरच्यांना खायला घालून घालून माराल,” बाई म्हणाल्या. “त्यापेक्षा आमच्या प्राण्यांना घाला.”

हे त्या गमतीने म्हणाल्या होत्या. पुढे चार वर्षांनी ते बोलणं त्यांच्या अंगाशी आलं.

तर असे काका गार खोलीत आले. खोली लहान, भिंतींना जाड पांढरे पत्रे, आणि आत बाराही महिने स्वेटर घालावा असा गारठा. मधोमध गोल टाकी. तिच्यातलं पाणी सतत हळूहळू फिरत राहायचं, कारण त्यात राहणाऱ्या जीवांना कोपरा सोसत नाही. ते कोपऱ्यात गेले, काचेला घासले, की फाटतात. त्यांना सॅल्प म्हणतात. अंगठ्याएवढं, दोन्ही तोंडं उघडी असलेलं पारदर्शक पिंप, असा त्यांचा आकार. पाण्यात सोडले की दिसेनासे होतात. दिसतो फक्त मागच्या टोकाशी असलेला मसुराच्या दाण्याएवढा नारिंगी गोळा, ते त्यांचं पोट. बाकी सगळं पाणीच, फक्त आकार दिलेलं.

हे जीव जेवतात कसे, हे काकांना संशोधक पोरीने समजावलं होतं. ती तिशीतली होती, प्रबंध लिहीत होती, पण काकांसाठी पोरगीच.

“काका, तो आक्रसतो ना, तेव्हा पुढून पाणी आत घेतो आणि मागून सोडतो. मधे त्याने चिकट जाळं विणलेलं असतं, अगदी आपल्या लाळेसारखं. पाण्यातलं सगळं बारीकसारीक त्यात अडकतं.”

“आणि मग जाळं झटकून खातो?”

“नाही. जाळ्यासकट गिळतो. एका टोकाने गिळत जातो, दुसऱ्या टोकाने नवं विणत जातो.”

काका टाकीवर वाकले. “म्हणजे ताटासकट जेवतो म्हण. भांडी घासायला नकोत.”

त्या दिवसापासून सॅल्प त्यांना आवडले. ज्याला चालणं आणि जेवणं वेगळं करता येत नाही, पाण्यातून पुढे सरकतो तोच मुळी जेवता जेवता, असा पाहुणा बावीस वर्षांत त्यांना मिळाला नव्हता.

पण सॅल्प पाळणं म्हणजे पाण्याचा बुडबुडा पाळणं. तीन मोसम पोरीने प्रयत्न केला होता. समुद्रात सॅल्पांचे थवे वर्षातून जेमतेम तीन आठवडे वर येतात. होडीतून ओणवं होऊन, एकेकाला बरणीत अलगद घेऊन ती त्यांना आणायची, आणि नऊ दिवसांच्या आत टाकी रिकामी व्हायची. हा चौथा मोसम शेवटचा होता. प्रबंधाची मुदत वर्षअखेर संपत होती. सॅल्प मिळेल ते सगळं गिळतात की नकळत निवड करतात, हे तिला मोजायचं होतं. त्यासाठी आणलेल्या एकोणीस जीवांपैकी काही टिकून त्यांच्या पोटातून पिल्लांची माळ सुटायला हवी होती. मोजमाप त्या पिल्लांवर होणार होतं. माळ नाही तर प्रबंध नाही. तिने गावी परत जाऊन कुठल्यातरी शाळेत शिकवायचं, असं घरी ठरून गेलेलंच होतं.

“या वेळी राहतील गं,” काका म्हणायचे. “माझ्या हातचं खातायत.”

जेवणाचा कागद टाकीच्या शेजारी चिकटवलेला होता: सकाळी शेवाळाच्या पाण्याचं एक माप, संध्याकाळी एक माप. काका मापाने घालायचे, आणि प्रत्येक वेळी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने एक रेघ ओढायचे. जहाजावर कोणत्या खोलीत किती वेळा जेवण गेलं हे ते असंच लिहायचे. ती सवय सुटली नव्हती.

सहाव्या दिवशी त्यांना सॅल्पांची पोटं फिकी वाटली.

पोरगी होडीवर गेली होती. काका टाकीशी खाली वाकले, चष्मा वर केला, परत खाली केला. नारिंगी गोळा कालच्यापेक्षा पांढुरका दिसत होता. एकाचा नाही, सगळ्यांचा. हातात मापाचं भांडं होतंच. त्यांनी वर अर्धं माप घातलं आणि दाराच्या आत अर्धी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी पोटं गडद झाली होती. काकांचं मन भरून आलं. ‘भुकेलीच होती बिचारी,’ ते मनात म्हणाले, आणि त्या दिवसापासून सकाळी दोन, संध्याकाळी दोन अशी मापं पडू लागली.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. दोन घास जास्त वाढले हे कोणता आचारी सांगत फिरतो?

नवव्या दिवशी सॅल्पांची लय बिघडली. आक्रसणं थांबायचं, मग दोन-तीनदा घाईघाईने व्हायचं, मग परत थांबायचं. काही जण तिरके होऊन फिरत्या पाण्याबरोबर नुसतेच वाहत होते. पाणी पातळ चहासारखं दिसत होतं. पोरीलाही ते दिसलं, पण तिने त्याचा उलटा अर्थ लावला.

“खातच नाहीयेत, काका. म्हणून पाणी गढूळ राहतंय.” तिचा चेहरा उतरला होता. “माझंच चुकलं. पाचव्या दिवशी मी गारवा एका अंशाने कमी केला होता. त्यांना तो मानवला नाही.”

खातच नाहीत म्हटल्यावर काकांनी काय करावं? त्यांनी तिसरं माप घातलं.

दहाव्या दिवशी तीन सॅल्प टाकीच्या तळाशी सापडले. अकराव्या दिवशी दुपारपर्यंत आणखी पाच. बाई येऊन टाकीसमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. त्या कठोर नव्हत्या, पण टाकी एक होती आणि तिच्यासाठी थांबलेले लोक चार होते.

“उद्या दुपारपर्यंत बघू,” त्या पोरीला म्हणाल्या. “नाही सावरले तर टाकी रिकामी करावी लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस. समुद्रातल्या गोष्टी समुद्रातच बऱ्या राहतात कधीकधी.”

पोरीने मान हलवली. मग ती गारवा मोजायच्या यंत्राकडे गेली आणि पाचव्या दिवसाची नोंद पुन्हा वाचू लागली, जणू परत वाचल्याने तो आकडा बदलणार होता.

त्या संध्याकाळी काका घरी आले ते पाय ओढत. काकूंनी ताट वाढलं. काकांनी भाताचा एक घास घेतला आणि तो तोंडात तसाच फिरवत राहिले.

“जेवा की. सूप करणाऱ्याला जेवायचं शिकवायचं का आता?”

“उतरत नाहीये घशाखाली.”

“कोण गेलं?”

“आठ गेले. अकरा राहिलेत.” मग त्यांनी सगळं सांगितलं. फिकी पोटं, अर्धं माप, दोन, तीन. “इतकं घालूनही उपाशी मरतायत गं. माझ्या हातचं जेवून कुणी उपाशी मेलं नव्हतं आजवर.”

काकूंनी भाताचा डाव खाली ठेवला. त्यांनी असा डाव खाली ठेवला की काहीतरी मोठं येतंय हे काकांना एकतीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

“आपली मुलगी सातव्या महिन्यात झाली,” त्या म्हणाल्या, “तेव्हा तुम्ही समुद्रावर होतात.”

“माहीत आहे मला.” हे त्यांना कधी विसरता आलं नव्हतं. ते परत आले तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती. त्या तीन महिन्यांतला तिच्या तोंडातला एकही थेंब त्यांच्या हातून गेलेला नव्हता. पुढे ते जगाला भरवत सुटले ते कदाचित त्यापायीच. पण हे त्यांनी स्वतःशीही कधी म्हटलं नव्हतं.

“तुम्हाला वाटतं, तिला दूध कमी पडत होतं. सगळ्यांना सांगताही तसंच. कमी नव्हतं पडत हो. दूध होतं. चमच्याने एकेक थेंब घालायचे. दोन थेंब जास्त झाले की तिचा श्वास अडकायचा, ओठ निळे पडायचे. मग पुढचा तासभर काहीच घेता यायचं नाही तिला. भूक असायची, रडायची, आणि मी चमचा हातात धरून नुसती बसून राहायचे. घालणं सोपं होतं. थांबणं अवघड होतं.”

“हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कधी ताटावरून उठू दिलंत का, की शांतपणे सांगीन?”

काका हसले नाहीत. त्यांनी घास कसाबसा गिळला आणि ताट बाजूला सारलं. काकूंनी आग्रह केला नाही.

सकाळी ते केंद्र उघडायच्या वेळेला दारात हजर होते. पोरीचं मोठं भिंग घेऊन टाकीसमोर गुडघे टेकले. दुखत होते, तरी टेकले. वाहत वाहत एक सॅल्प काचेजवळ आला. आजवर ते सॅल्पचं पोट बघत आले होते. आज पहिल्यांदा तोंड पाहिलं. आत, जिथून जाळं पोटाकडे जातं त्या अरुंद वाटेवर, एक तपकिरी गाठ अडकलेली होती. जाळ्याचा पीळ, त्यात गच्च शेवाळ. ती पुढेही जात नव्हती आणि मागेही येत नव्हती. त्यांनी दुसरा पाहिला. त्यालाही गाठ. तिसऱ्यालाही.

पोरगी आली तेव्हा ते अजून जमिनीवरच होते.

“काका! पडलात का?”

“नाही गं. ऐक आधी. गारव्याचं नाही ते. तुझं काही चुकलेलं नाही.”

“मग?”

“जेवण जास्त झालंय त्यांना. घशात अडकलंय. मी घातलंय.”

तिने जेवणाच्या कागदाकडे पाहिलं. “किती?”

“दुप्पट. शेवटी शेवटी तिप्पट.” त्यांनी कपाटाचं दार उघडून दाखवलं. अर्ध्या रेघा, जोडरेघा, तिहेरी रेघा, सगळं दिवसवार. “चोरून नाही केलं पोरी. पण विचारलंही नाही.”

“का नाही विचारलंत?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिने हातातली पिशवी खुर्चीवर ठेवली, त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली आणि भिंग मागून घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग एकदम उठली आणि बाईंना बोलवायला धावली.

बाईंनी भिंगातून पाहिलं, कपाटाचं दार पाहिलं, आणि कपाळाला हात लावला.

“यात नवं काय आहे? पाणी फार दाट झालं की सॅल्पचं जाळं तुंबतं. मग त्याला ना गिळता येतं ना नवं विणता येतं. भरल्या पाण्यात उपाशी मरतो. हे पूर्वीपासून माहीत आहे सगळ्यांना.”

“मला नव्हतं माहीत, बाई,” काका म्हणाले.

त्यांनी टाकीशेजारचा कागद बोटाने दाखवला.

“चार वर्षं मी जेवू घालतोय. काय घालायचं ते कागदावर आहे. का थांबायचं ते कुठेच नाही. कागदाला काय, मी जहाजावरही मानलं नाही कधी. खाणाऱ्याकडे बघून वाढायचं, एवढंच येतं मला.”

बाईंनी बाह्या सरसावल्या आणि विचारलं, “गाळलेलं पाणी किती आहे आपल्याकडे?”

पुढचे दोन तास तिघांनी मिळून काम केलं. गाळून काढलेलं, नुसतं समुद्राचं स्वच्छ पाणी दुसऱ्या गोल भांड्यात भरलं, ते गार केलं, आणि उरलेले सॅल्प एकेक करून बरणीने त्यात नेले. हात काकांचाच होता. उकळतं सूप डोलत्या जहाजावर न सांडता वाढणारा हात तो. अकराच्या अकरा धक्का न लागता पोचले. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

“आता?” काकांनी विचारलं.

“आता काही नाही घालायचं,” पोरगी म्हणाली. “नुसतं बघायचं.”

आयुष्यात पहिल्यांदा काका भुकेल्या जिवासमोर रिकाम्या हाताने बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. मांडीवर ठेवले, मग स्वेटरच्या खिशात घातले. बाई मधे एकदा बाहेर जाऊन आल्या, टाकीसाठी थांबलेल्या माणसाला काहीतरी सांगून. काय सांगितलं ते त्यांनी नंतरही सांगितलं नाही.

जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली तेव्हा सर्वांत मोठा सॅल्प थांबला. पूर्णच थांबला. पोरीने काकांची बाही घट्ट धरली. मग तो उलटा आक्रसला. पाणी पुढून घेऊन मागे सोडणारा जीव, त्याने मागून घेतलं आणि पुढे सोडलं. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळेला तोंडातून तपकिरी गाठ बाहेर आली, तिच्यामागे जुन्या जाळ्याची चिंधी, आणि दोन्ही संथपणे तळाकडे निघाली.

सॅल्प रिकामा झाला. काचेसारखा, आरपार.

तो क्षणभर तसाच तरंगला. मग पुढून पाणी घेतलं, मागे सोडलं. पुन्हा. पुन्हा. घाई नाही, आचके नाहीत.

“विणतोय,” पोरगी कुजबुजली. “काका, नवं विणतोय तो!”

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि मग चष्मा तसाच हातात ठेवून डोळे पुसले. “जेवण टाकून दिलेलं बघून इतका आनंद झालेला मी जगातला पहिला आचारी,” ते म्हणाले. बाई खो खो हसल्या. त्यांना असं हसताना केंद्रात फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी गाठी टाकल्या. दोघांना जमलं नाही, ते गेले. दुसऱ्या सकाळी अर्धं माप दिलं, तेही थेंबाथेंबाने. सतराव्या दिवशी एकाच्या पोटातून पिल्लांची माळ सुटली, एकमेकांना चिकटलेले चाळीसेक काचमणी, आणि प्रत्येक मणी स्वतःपुरता आक्रसत होता.

काकांच्या पेन्सिलीच्या रेघा प्रबंधात आल्या नाहीत. पोरीने त्यांना स्पष्टच सांगितलं, “त्या मापाचा नेम नाही, काका. कधी काठोकाठ, कधी बोटभर कमी.” त्यांनाही ते पटलं. पण प्रबंध झाला, मुदतीच्या चार दिवस आधी, आणि ती शाळेत शिकवायला गेली नाही. पुढच्याच सोमवारपासून बाईंनी सकाळच्या बैठकीत काकांसाठी खुर्ची ठेवायला लावली. प्राण्यांना जो भरवतो त्याला प्राण्यांचं सगळं ठाऊक असलं पाहिजे, असा नियमच केला. काका बैठकीत बसायचे, अर्धं समजायचं, अर्ध्यावर प्रश्न विचारायचे. त्यांच्या प्रश्नांनी बैठका लांबायच्या.

आणखी पाच वर्षं त्यांनी गार खोली सांभाळली. घरीही थोडा फरक पडला. काकू शेजारणीला सांगायच्या, “आता एकदा विचारतात, दोनदा विचारतात, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आधी ओठ चावतात.”

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी ते गेले. शेवटचे दोन दिवस दवाखान्यात होते. तिथे डॉक्टरांच्या प्रश्नांना हो-नाही केलं, तेवढंच. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. मुलगी माहेरी आली होती, सातव्या महिन्यात जन्मलेली तीच, आता उंच, खणखणीत आवाजाची. ती आपल्या लेकीमागे वाटी-चमचा घेऊन घरभर फिरत होती, आणि लेक तोंड फिरवून खुर्चीखाली शिरत होती. “एकच घास! हा शेवटचा! आजोबा, सांगा ना हिला,” मुलगी वैतागून म्हणाली.

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं, खुर्चीखाली वाकून नातीकडे पाहिलं, आणि म्हणाले, “राहू दे गं, नको म्हणतेय ना ती. भूक लागली की येईल आपणहून.”